धारप, मतकरी आणि उद्यमबागेतली रात्रपाळी

मंडळी, इथं आपण जुनी घरं, जुने मास्तर, गणपतीतले मेळे यांच्या आठवणी काढतो. आज मी भुतांच्या काढणार आहे. घाबरू नका, एकही भूत मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण गेली साठ वर्षं भुतांवर, परग्रहावरच्या पाहुण्यांवर आणि गूढकथांवर मी मनापासून प्रेम केलंय. बँकेत पस्तीस वर्षं काढली, बी.कॉम. झालेला माणूस, हिशेबातली पै चुकू देणार नाही. आणि रात्री उशाशी नारायण धारप! आमच्या सौ. म्हणतात, "दिवसा लेजर आणि रात्री वेताळ, तुमचं डोकं शाबूत राहिलं हेच नवल." आता ही आवड आपल्या भागात कशी रुजली ते सांगतो, आणि शेवटी एक गोष्ट सांगायची आहे जी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

माझं बालपण निपाणीचं. अण्णा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी. घरी आले की कपड्यांना तो उग्र वास, आणि आम्ही पोरं शिंकून बेजार. १ नोव्हेंबर १९५६ ला निपाणी, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा मी सहा वर्षांचा. मोठी माणसं रात्र रात्र बोलत बसायची, काय ते आम्हाला कळत नव्हतं. पुढं कळलं. पण एक गोष्ट बदलली नाही. मराठी पुस्तकं कोल्हापूरकडून एस.टी.नं येत होती ती येतच राहिली. बाजारपेठेत भाड्यानं पुस्तकं देणारं एक दुकान होतं. दोन रुपये डिपॉझिट, रोजचे पाच पैसे. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. पण आमच्या पिढीचं मराठी वाचन शाळेत जितकं झालं, त्याहून जास्त त्या जिन्याखाली झालं असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात सगळ्यांची होते तशी बाबूराव अर्नाळकरांनी झाली. झुंजार, काळा पहाड. अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. दिवसाला एक वाचणाऱ्या पोरालाही ते पुरून उरणारे होते. मग एके दिवशी दुकानदारांनी, आम्ही त्यांना काका म्हणायचो, 'नवल'चा एक जुना अंक हातात दिला. अनंत अंतरकरांनी १९४६ साली 'हंस' काढला आणि नंतर 'मोहिनी' आणि 'नवल'. 'हंस' मोठ्यांचा, 'मोहिनी' हसण्याचा, आणि 'नवल' म्हणजे अद्भुताचा. परदेशी कथांची रूपांतरं, गूढ, विज्ञान, शोध, साहस, सगळं एकत्र. आज आपण 'हॉरर वेगळं, सायन्स फिक्शन वेगळं' अशा फळ्या लावतो. 'नवल'मध्ये अशी फळी नव्हती. एका पानावर पिशाच्च, पुढच्या पानावर मंगळ. माझ्या डोक्यात ती दोन्ही भावंडंच राहिली.

आमच्या गावची भुतं तोवर ठरलेली होती. पिंपळावर मुंजा, विहिरीपाशी हडळ, माळावर चकवा, तिकडं कोकणाच्या बाजूला देवचार. प्रत्येकाची जागा ठरलेली, वेळ ठरलेली, उताराही ठरलेला. अमावास्येला त्या वाटेनं गेलं नाही की झालं. नारायण धारपांनी हा सगळा बंदोबस्त मोडला. धारप १९२५ साली जन्मलेले, विज्ञानाचे पदवीधर, पुण्यात राहून लिहिणारे. त्यांचं भूत पिंपळावरून उतरलं आणि भाड्याच्या ब्लॉकमध्ये राहायला आलं. नोकरीवाला साधा माणूस नवीन घर घेतो, बायको खूश, पोरं अंगणात खेळतायत, आणि मागच्या खोलीत काहीतरी बरोबर नाही. बस्स. पहिली वीस पानं काही घडतच नाही. तीच वीस पानं वाचताना कंदील मोठा करावासा वाटायचा. आणि मग अडचणीत धावून येणारा त्यांचा 'समर्थ'. मी तर कित्येक दिवस समर्थांना खरंच पत्र पाठवता येईल काय, या विचारात होतो!

धारपांवर टीका होते की त्यांनी इंग्रजीतून घेतलं. घेतलं की. 'लुचाई'वर स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'ची छाया आहे, 'आजी' ही कथाही त्याच्याच एका कथेवरून आलेली. पण मला सांगा, निपाणीतल्या जिन्याखाली बसलेल्या पोराला अमेरिकेतला तो किंग कोण भेटवणार होता? आणि घेतानाही त्यांनी वाडा मराठी केला, माणसं मराठी केली, देवघर मराठी केलं. त्या 'आजी'चंच बीज पुढं 'तुंबाड' या हिंदी सिनेमात रुजलं. २०१८ साली तो आला तेव्हा बेताचाच चालला, २०२४ ला पुन्हा लावला तर थिएटरं भरली. धारप २००८ मध्येच गेले. हे बघायला ते हवे होते.

बेळगावला कॉलेजला आलो तेव्हा ही आवड लपवायची गोष्ट झाली. बेळगावात वाढलेले, धारवाडात इंग्रजी शिकवणारे जी.ए. कुलकर्णी तेव्हा ऐन भरात होते. जी.ए. वाचतो म्हटलं की प्राध्यापक मान डोलवायचे. धारप वाचतो म्हटलं की वरपासून खालपर्यंत बघायचे. मी दोन्ही वाचत होतो. खरं सांगू, अंधार दोघांकडं आहे, फक्त जी.एं.च्या अंधाराला समर्थ भेटत नाही. कॅम्पातल्या ग्लोबला इंग्रजी सिनेमे लागायचे. क्रिस्टोफर लीचा 'ड्रॅक्युला' १९५८ चा, आमच्यापर्यंत पोचायला दहा-अकरा वर्षं लागली असतील. आम्ही चौघं मित्र गेलो. संवाद निम्मे कळले नाहीत. पण तो काळा झगा जिन्यावरून खाली येतो तेव्हा आमच्यातला सगळ्यात धीट म्हणवणारा माझ्या मनगटाला असा चिकटला की नखांच्या खुणा दोन दिवस राहिल्या. तो पुढं पोलीस खात्यात गेला, नाव सांगत नाही.

बँकेत लागल्यावर मला कळलं की रत्नाकर मतकरी हे बँक ऑफ इंडियात नोकरी करतात! १९५८ पासून १९७८ पर्यंत वीस वर्षं त्यांनी ती नोकरी केली. 'अलबत्या गलबत्या'सारखं मुलांचं नाटक लिहिणारा आणि 'खेकडा'सारखी गोष्ट लिहून मोठ्यांची झोप उडवणारा माणूस आपल्यासारखाच दहाला मस्टरवर सही करतो, या कल्पनेनंच माझी छाती फुगली. माझी बँक दुसरी, पण म्हणून काय झालं, व्यवसायबंधूच. धारपांच्या गोष्टीत संकट बाहेरून घरात येतं. मतकरींच्या गोष्टीत ते आधीपासून घरातच असतं. शेजारची गोड बोलणारी बाई, आजारी मुलगा, खुर्चीवर बसलेला म्हातारा. धारप वाचून मी दाराची कडी बघायचो, मतकरी वाचून घरातल्या माणसांकडं बघायचो. मतकरी २०२० च्या मे महिन्यात कोरोनात गेले. त्या रात्री 'मध्यरात्रीचे पडघम' काढून बसलो, पण वाचवलं नाही.

आणि तिसरे आपले जयंत नारळीकर. जन्मानं शेजारचे, कोल्हापूरचे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथा स्पर्धा घेतली. नारळीकर तेव्हा जगात नाव झालेले शास्त्रज्ञ. नाव बघून बक्षीस देऊ नये म्हणून त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावानं 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. आद्याक्षरं उलटी केली की झालं! हस्ताक्षर ओळखू नये म्हणून कथा मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी या कथेची दखल घेतली आणि विज्ञानकथेला पुढच्या पंगतीत पाट मिळाला. भुताच्या गोष्टीला मात्र तो पाट आजही नीट मिळालेला नाही.

नारळीकरांनी मला एक सवय लावली. गोष्टीत काही अघटित घडलं की 'कसं?' असं विचारायची. ही सवय कामाला कधी आली आणि कधी आली नाही, तेच आता सांगतो.

कामाला आली १९७९ च्या जुलैत. अमेरिकेची स्कायलॅब ही सत्त्याहत्तर टनांची प्रयोगशाळा आकाशातून खाली येणार, कुठं पडणार माहीत नाही, अशी बातमी आली आणि अख्ख्या देशाची झोप उडाली. मी तेव्हा निपाणी शाखेत. काउंटरवर एक शेतकरी आले आणि म्हणाले, "साहेब, सगळे पैसे द्या. आभाळ पडणार म्हणतात, मरायच्या आत पोरास्नी मटण तरी घालतो." मी त्यांना बसवलं, कागदावर पृथ्वी काढली, समुद्र किती आणि जमीन किती ते दाखवलं, एवढ्या मोठ्या जगात आपली निपाणी म्हणजे टिंबसुद्धा नाही हे सांगितलं. ऐकून घेतलं, मान हलवली, आणि दोनशे रुपये काढले. स्कायलॅब हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडली. पुढच्या आठवड्यात गृहस्थ परत आले आणि एकशे चाळीस रुपये भरले. "साठ रुपयांचं मटण झालं," म्हणाले. "आभाळ पडलं न्हाई ते न्हाई, पोरं खूश हाईत."

कामाला आली नाही ती उद्यमबागेत.

१९८४ मध्ये माझी बदली आमच्या उद्यमबाग शाखेत झाली. ज्यांनी तेव्हाचं उद्यमबाग पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. टिळकवाडीतलं तिसरं रेल्वे गेट ओलांडून खानापूर रस्त्यानं गेलं की दोन्ही बाजूंना शेड. फाउंड्र्या, लेथवाले, पॅटर्न बनवणारे. गोगटे इंजिनिअरिंग कॉलेज नुकतंच, १९७९ ला निघालेलं. दिवसा धूळ आणि खडखडाट. पण संध्याकाळी भट्टी फोडून बिडाचा रस ओतायला लागले की शेडच्या फटींतून केशरी उजेड बाहेर पडायचा आणि धुक्यात तो असा काही पसरायचा की मला वाटायचं, वेल्सचे मंगळवासी इथंच उतरलेत. मी फील्ड ऑफिसर. कॅश क्रेडिट दिलेल्या कारखान्यांत जाऊन माल मोजायचा, पिग आयर्न किती, भंगार किती, कोक किती, स्टॉक स्टेटमेंटशी ताळा बघायचा.

एका छोट्या फाउंड्रीत रात्रीचे वॉचमन होते, पन्नाशीचे, खानापूर तालुक्यातले. सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्या शेडमध्ये आदल्या वर्षी एक कामगार अपघातात गेला होता, आणि डिसेंबरात बोलवा उठली की तो रात्री येतो. मी माल मोजायला गेलो की मामांच्या केबिनमध्ये बसायचो. मला भुतांच्या गोष्टींचा नाद आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं. ते सांगायचे आणि मी ऐकायचो. "साहेब, दोन वाजले की डोकं जड होतंय बघा. मग छातीवर कोण तरी येऊन बसतंय. उठाय बघितलं तर पाय हलत न्हाईत. दारात उभा राहिलेला दिसतोय त्यो. सकाळी बाहेर उन्हात बसलो की नऊ-दहाच्या सुमाराला उतरतंय सगळं."

मंडळी, खरं सांगतो, मला आनंद झाला. आयुष्यभर ज्या गोष्टी पुस्तकात वाचल्या त्या समोर बसून कुणीतरी सांगतंय! मी घरी जाऊन वहीत सगळं उतरवलं. शाखेत चहाच्या वेळी रंगवून सांगितलं. सहकारी म्हणाले, "लिहा की यावर." मी 'रात्रपाळी' नावाची गोष्ट लिहिली, अठरा पानं, आणि एका मासिकाला पाठवून दिली. ती 'साभार परत' आली ते वेगळं. पण तोवर ती गोष्ट उद्यमबागेत चांगली फिरली होती. दोघा कामगारांनी रात्रपाळीला नकार दिला. मालकांनी नारळ फोडला, लिंबू बांधलं. लिंबू बांधलं म्हटल्यावर विषय संपला असं सगळ्यांनी धरलं.

जानेवारीतल्या एका सकाळी पहिल्या पाळीचे लोक आले तेव्हा मामा केबिनमध्ये बेशुद्ध पडलेले. दार आतून बंद, फटींत पोती कोंबलेली. बेळगावची थंडी तुम्हाला माहीत आहे. आणि मध्ये लोखंडी घमेल्यात कोकचे निखारे. भट्टीतला उरलेला अर्धवट कोक ते रोज रात्री घमेल्यात भरून आत आणायचे. लाकडाचा धूर डोळ्यांत जातो, माणूस दार उघडतो. कोकला धूर नाही. सगळ्यांना वाटायचं, धूर नाही म्हणजे धोका नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं. कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, रंग नाही, रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोकं जड, मग छातीवर दाब, हातापायातली शक्ती जाते, भास होतात. मोकळ्या हवेत आलं की हळूहळू उतरतं. हे ऐकताना माझ्या पोटात खड्डा पडला. कारण यातलं प्रत्येक लक्षण माझ्या वहीत होतं. थंडी सुरू झाल्यावरच भूत येतं, हे होतं. केबिनच्या बाहेर कधीच येत नाही, हे होतं. सकाळी उन्हात बसलं की उतरतं, हेही. इतकंच काय, 'रात्रपाळी'च्या दुसऱ्या पानावर 'कोपऱ्यात निखाऱ्यांचा लालसर उजेड' असं मी वातावरणनिर्मितीसाठी लिहिलेलं होतं. नारळीकरांचा वाचक म्हणवणारा मी, एकदाही 'कसं?' विचारलं नाही.

बऱ्याच वर्षांनी वाचण्यात आलं की ही गोष्ट जगाला नवीन नव्हती. १९२१ साली विल्यम विल्मर नावाच्या अमेरिकन नेत्रतज्ज्ञानं एका वैद्यकीय नियतकालिकात एका कुटुंबाची हकीकत छापली होती. जुन्या मोठ्या घरात राहायला गेले, पावलांचे आवाज, अंगावर दाब, मुलं मलूल, कुंड्यांतली झाडं मरतायत. शेवटी निघालं काय, तर घर गरम ठेवायची भट्टी बिघडलेली. म्हणजे धारपांच्या कादंबरीची पहिली वीस पानंच की!

मामा वाचले. पण पूर्वीचे राहिले नाहीत. बोलता बोलता विसरायचे, हात थरथरायचा. दोन महिन्यांत घरची मंडळी त्यांना गावी घेऊन गेली. मी एकदा तरी भेटायला जायला हवं होतं. गेलो नाही. दोन वर्षं धारपांचं एकही पुस्तक उघडलं नाही.

२०१४ च्या ६ डिसेंबरला तेव्हाचे मंत्री सतीश जारकीहोळी यांनी आपल्या सदाशिवनगरच्या स्मशानात रात्र काढली, तिथंच जेवले, स्मशानात भूत नसतं हे लोकांना दाखवायला. मला चार फोन आले, "तुमचं काय मत, भुतांचे तज्ज्ञ?" मी म्हटलं, चांगलं केलं. स्मशान मोकळ्यावर असतं, हवा खेळती असते. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

१९९६-९७ ची गोष्ट असेल, मी दुसऱ्या शाखेत मॅनेजर होतो. एक तरुण म्हशीच्या कर्जासाठी आला. फॉर्मवर वडिलांचं नाव आणि गाव वाचून मी पेन खाली ठेवलं. वडील चार वर्षांपूर्वी वारले म्हणाला. मी कोण ते सांगितल्यावर तो उठून पाया पडायला लागला. मी मागं सरकलो. म्हणाला, "बाबा लई नाव काढायचे तुमचं. म्हणायचे, बाकी सगळे हसायचे, बँकेतले साहेब तेवढे बसून ऐकून घ्यायचे."

कर्ज मंजूर केलं, कागद व्यवस्थित होते. बाकी त्याला काही सांगितलं नाही.

'रात्रपाळी'ची वही अजून ट्रंकेत आहे. तिच्या खाली 'नवल'चे एकेचाळीस अंक आहेत. निपाणीचं ते दुकान बंद झालं तेव्हा काकांच्या मुलानं पुस्तकं रद्दीत वजनावर काढली. मला कळलं तोवर निम्मी गेली होती, उरलेली मी दोन रिक्षा करून आणली. अर्नाळकर, धारपांची जुनी पातळ पुस्तकं, मुखपृष्ठं फाटलेली, कुणीतरी समासात 'शेवट आधी वाचू नये' असं लिहून ठेवलेली. आपल्यापैकी कुणाच्या माळ्यावर साठ-सत्तरच्या दशकातले 'नवल' असतील तर रद्दीत घालू नका. निरोप द्या. निपाणी, चिकोडी, खानापूर, कुठंही असलं तरी मी येऊन घेऊन जाईन. गुडघे अजून चालतात.